आठ दिवसांचे पाहुणे

आमच्या उंब्रज परिसरात दुखणे हाताबाहेर गेले की जुनी माणसे एकच सल्ला देत, "मिरजेला न्या." मिरज म्हणजे मिशनचे हॉस्पिटल. मसूर स्टेशनवरून गाडी धरायची, बरोबर शिधा आणि अंथरूण घ्यायचे आणि रोगी बरा होईपर्यंत तिथेच मुक्काम करायचा. माझ्या आजोबांचा मोतीबिंदू तिथेच काढला. घरात ख्रिस्ती धर्माचा वारा नव्हता, पण 'वानलेससाहेबाचा दवाखाना' हे शब्द आजी देवळाच्या नावासारखे उच्चारी.

मिशनऱ्यांविषयी वाचण्याची माझी सुरुवात या आदरातून झाली. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पतसंस्थेत कारकुनी करता करता मिळेल ते वाचत गेलो. मात्र आजचा विषय मिरजेचा नाही. परदेशातल्या चर्चमधून दहा-पंधरा माणसे आठ-दहा दिवसांसाठी येतात, काही बांधतात, शिबिर घेतात, प्रार्थना करतात आणि परत जातात. अशा अल्पमुदतीच्या मिशन दौऱ्यांचा हा विषय आहे. या दौऱ्यांशी माझा एकदा प्रत्यक्ष संबंध आला. ते पुढे सांगतो.

आधी जुनी पद्धत पाहू. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरात काम सुरू केले. त्या काळी अमेरिकेहून येणे म्हणजे शिडाच्या जहाजाचा काही महिन्यांचा प्रवास. एवढे करून आलेला माणूस आठ दिवसांत परतणे शक्यच नव्हते. आल्यावर पहिले काम मराठी शिकण्याचे. काही वर्षांनी एकदा मायदेशी रजा मिळे. अनेकांच्या बायकामुलांच्या कबरी इथेच झाल्या. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उभे राहिले आणि १९२८ पर्यंत ते इथे राहिले. १८९७ पासून त्यांनी हिंदी तरुणांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. साहेब गेले तरी शस्त्रक्रिया करणारे हात इथेच राहिले.

वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या पुढाकाराने सुमारे शंभर तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी जाहीर केली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. तरुणांनी धर्मकार्यासाठी परदेशी जायचे, ही कल्पना तिने घरोघर पोहोचवली. पण त्या तरुणांचे वचन आयुष्यभराचे होते.

मुदत आखडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांसह उन्हाळी सुट्टीत मेक्सिकोला गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संघटना निघाली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' स्थापन केली. याच सुमारास जेट विमाने आली. महिन्यांचा प्रवास दिवसावर आला, आणि नोकरीची रजा किंवा कॉलेजची सुट्टी मिशनला पुरू लागली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजाने २००५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ असे दौरे करत.

दौऱ्याची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. चर्चमध्ये नावनोंदणी होते. प्रत्येक जण नातेवाइकांना आणि मंडळीतल्या लोकांना पत्रे लिहून आपल्या खर्चाचे पैसे जमवतो. इकडे एखादा स्थानिक पाळक किंवा संस्था यजमान होते. ती वाहने ठरवते, जेवणाचे बघते, दुभाषा शोधते आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांना करण्याजोगे काम तयार ठेवते. परत गेल्यावर मंडळीसमोर छायाचित्रे दाखवून अनुभव सांगितला जातो.

वीसेक वर्षांपूर्वी असा चौदा जणांचा गट कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात आला आणि मला दुभाषा म्हणून बोलावले. माणसे मनाने चांगली होती. उन्हात राबत, पोरांत मिसळत, पिठलं-भाकरी मागून खात. काम होते प्रार्थनागृहाच्या आवाराची भिंत बांधण्याचे. गावात गवंडी होता. पण काम पाहुण्यांनी करायचे ठरले असल्याने तो पाच दिवस कट्ट्यावर बसून बघत राहिला. त्याची हजेरी बुडाली. एका पाहुण्याच्या विमानाच्या तिकिटात तो वर्षभर कामाला लागला असता. हा हिशेब मी त्याच रात्री मांडला, पण कुणाला बोललो नाही.

शेवटचे दोन दिवस आरोग्य तपासणी होती. सत्तरीच्या एका आजींचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. त्यांना तीस गोळ्या दिल्या. "संपल्यावर काय करू?" असे त्यांनी विचारले. मी भाषांतर केले. डॉक्टरांनी दवाखान्यात दाखवायला सांगितले. पाळक म्हणाले, पुढच्या वर्षी हे पुन्हा येणार आहेत. मी दोन्ही उत्तरे एकदम सांगितली आणि आजींनी त्यातले सोयीचे तेवढे लक्षात ठेवले. दोन महिन्यांनी त्या एसटीने उंब्रजला आल्या आणि रिकामे पाकीट माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "भाऊ, तुमचे साहेब कधी येणार?" गट पुन्हा आला नाही. महिनाभर त्यांची गोळी बंद होती. आठ दिवस त्या गटाचा आवाज माझ्या तोंडून निघत होता, तेव्हा यातला माझा वाटा मी नाकारू शकत नाही.

हा एकाच गावाचा अनुभव. पण याच प्रश्नावर पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये अनेक चर्चगटांनी घरे बांधली. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने त्यांची तुलना स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांशी केली. स्थानिक संस्थेचे घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये होई. एका गटाचा प्रवासासह खर्च सुमारे ३० हजार डॉलर. घर मिळालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांत फारसा फरक आढळला नाही. पाहुण्यांच्या आयुष्यातही, त्यांना वाटत होते तेवढा टिकाऊ बदल दिसला नाही.

कायद्याचीही बाजू आहे. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. मिशनऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. परदेशी डॉक्टरला इथे रुग्ण तपासायचे तर तात्पुरती नोंदणी लागते. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर परदेशी योगदान कायद्याखाली परवानगी लागते. हे नियम मोडले तर पाहुणा विमानाने निघून जातो. चौकशीला सामोरा जातो तो स्थानिक पाळक.

परकीय मदतीवर उभ्या असलेल्या कामाबद्दलची अस्वस्थता ख्रिस्ती समाजातही जुनी आहे. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती होण्यासाठी साहेबाच्या पगाराची गरज नसावी, ही त्यांची तळमळ होती. अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट पंथांच्या पुढाकाराने विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन आणि जपानचा दौरा करून १९३२ मध्ये अहवाल दिला. कामाची सूत्रे स्थानिकांच्या हाती जावीत, असे त्यातही सांगितले होते. १९७१ मध्ये केनियाचे जॉन गाटू यांनी तर परदेशी माणसे आणि पैसा काही काळ थांबवाच, अशी मागणी केली.

मग असे दौरे बंदच करावेत का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला कारण त्या गटातली एक निवृत्त परिचारिका. तिने भिंतीला हात लावला नाही. आठही दिवस ती गावातल्या अंगणवाडीताईंबरोबर बसली. माझ्या मदतीने त्यांना रक्तदाब मोजायला शिकवले आणि जाताना आपले यंत्र ठेवून गेली. त्याचा पट्टा फाटेपर्यंत ते गावात वापरात होते. म्हणजे दोष आठ दिवसांचा नाही. आठ दिवसांत काय करायचे हे कुणी ठरवले, आणि नवव्या दिवशी ते काम कोण चालवणार, हे महत्त्वाचे. काम गावाने मागितलेले असावे, गावात नसलेले कौशल्य पाहुण्याने आणावे, ते इथल्या माणसाला शिकवावे आणि खर्चाचा हिशेब दोन्हीकडच्या लोकांना दाखवावा.

हीच कसोटी आपल्यालाही लावावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर गावात येते, रस्ता होतो, झाडे लागतात. पण झाडांना पाणी कोण घालतो? परदेशात राहणारी आपली मुले दिवाळीच्या सुट्टीत येऊन शाळेला संगणक देतात. तो बिघडला की कोण बघतो? उंब्रजला समर्थांनी स्थापन केलेला मारुती आहे. समर्थ पुढच्या गावी गेले. रोजचा दिवा गावाने लावला, म्हणून तो मारुती आजही आपला आहे.

त्या आजींना मी उंब्रजच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथे गोळ्या मिळत होत्याच. फक्त त्यांना तिथवर कुणी नेले नव्हते. पुढे दर महिन्याला त्या एसटीने येत. मी कधी दिसलो तर साहेबांची चौकशी करत, पण गोळीसाठी त्यांची वाट बघत नसत.