डिस्क टाकली की सायकल जागेवर थांबते?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरावर आहे. मलकापूरकडे उतरायचं तर राजूर घाट, खामगावकडे जायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथ्याचा घाट. त्यामुळे इथे माउंटन बाइक घेणाऱ्याला ब्रेकची काळजी वाटणं रास्तच आहे. त्यावर सल्लाही ठरलेला मिळतो: थोडे पैसे घाल, डिस्क टाकून घे, सायकल जागेवर थांबेल. यातली ‘जागेवर’ ही अपेक्षा चुकीची आहे आणि ‘थोडे पैसे’ हा हिशेब त्याहून चुकीचा.

ब्रेकचं काम चाक धरणं एवढंच; सायकल थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीने. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की वजन पुढे झुकतं. वेग कमी होण्याचा दर गुरुत्व त्वरणाच्या साधारण निम्म्यावर गेला, की मागचं चाक उचलायला लागतं. उतारावर ही वेळ आणखी लवकर येते. नीट बसवलेला व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर शू दाबणारा नेहमीचा ब्रेक, कोरड्यात या मर्यादेपर्यंत सहज पोचतो, म्हणजे त्यापुढे डिस्कला दाखवण्यासारखं काही उरतच नाही. झिजून गुळगुळीत झालेला टायर तर डिस्क लावूनही घसरणारच. व्ही-ब्रेक कमजोर वाटतो तेव्हा दोष बहुधा दगडासारख्या झालेल्या ब्रेक शूचा किंवा गंजलेल्या वायरीचा असतो.

घाटात ब्रेक तापतो, तिथे तरी डिस्क हवी, असं कुणी म्हणेल. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि २०० मीटर उंची उतरलो, तर सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अर्धा लिटर पाणी उकळायला जवळपास तेवढीच लागते. काही वाटा वारा घेतो, उरलेली ब्रेकमध्ये उतरते. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता मुरवून घेते. १६० मिलिमीटरची पोलादी डिस्क जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमची, ती झटकन तापते. डिस्कचा फायदा असा, की ती ट्यूबपासून लांब असते. रिम फार तापली तर मात्र ट्यूब फुटू शकते. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबून सोडत उतरावं, हे दोन्ही प्रकारांना लागू आहे.

डिस्कच्या बाजूचा खरा मुद्दा पावसाळ्याचा आहे, आणि तो मान्यच करायला हवा. ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत व्ही-ब्रेक नीट धरत नाही. चिखलातली रेती शू आणि रिम दोन्ही खाते. खड्ड्यात आपटून चाक आउट झालं तर रिम शूला घासते, डिस्कला त्याचा त्रास नाही. रोज शेतरस्त्याने जाणाऱ्यासाठी हे वजनदार कारण आहे. तरी आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाच्या चिमट्यात गच्च बसला की चाकच फिरत नाही. तिथे कुठलाही ब्रेक सारखाच!

आता खर्च. बाजारातला स्वस्त किट म्हणजे कॅलिपर आणि डिस्क, पण ती बसणार कशावर? चिमट्याच्या डाव्या पायावर आणि फ्रेमच्या मागच्या डाव्या बाजूला कॅलिपरसाठी ५१ किंवा ७४ मिलिमीटर अंतरावर भोकं लागतात, आणि हबवर डिस्क कसायची सोय लागते. बहुतेक हबना सहा बोल्टची असते. हब साधा असेल तर नवा हब घालून चाक पुन्हा विणावं लागतं किंवा पूर्ण चाकच घ्यावं लागतं. मग वेल्डिंग करून पट्टी लावायची युक्ती निघते. ती करू नये. डिस्क ब्रेकचा सगळा जोर एका पायाच्या खालच्या टोकावर येतो आणि साध्या फ्रेमची किंवा चिमट्याची नळी त्यासाठी बनवलेली नसते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग केलं की उष्णतेने दिलेली तिची ताकद त्या जागी उतरते, आणि चिमटा मोडला तर सवार तोंडावर पडतो.

सोय आधीच असेल तर प्रश्न सुटला. फक्त पुढची डिस्क घ्या, कारण थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. वायरीवर चालणारा कॅलिपर पुरतो. तो व्ही-ब्रेकच्या लिव्हरसाठी बनवलेला असेल तर जुनी लिव्हर चालते. दुकानात हे विचारूनच घ्या. स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, म्हणून आतला पॅड झिजेल तसा हाताने पुढे घ्यावा लागतो. हायड्रॉलिक ब्रेक हलक्या हाताने लागतो, पण त्यातली एअर काढणारा मेकॅनिक जवळ हवा, आणि मिनरल ऑइलच्या जागी डॉट फ्लुइड घातलं तर सील खराब होतात. साखळीला तेल देताना डिस्क झाकून ठेवा. नवे पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाहीत. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन ब्रेक लावल्यावर ते बसतात. तोवर घाटात जाऊ नये.

सोय नसेल तर चांगले ब्रेक शू, नवी वायर आणि तिचं आवरण घाला, चाकाचा आउट काढून घ्या आणि उरलेल्या पैशांत पुढचा टायर बदला. साध्या फ्रेमच्या सायकलवर याहून फायद्याचा खर्च नाही.