पॉलिसॅकराइडजन्य कार्बन बिंदू आणि विषाणू

कार्बन बिंदू म्हणजे साधारणतः 10 नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले कार्बनयुक्त कण. कार्बन नलिकांचे शुद्धीकरण करताना 2004 मध्ये ते प्रथम आढळले. पुढे नैसर्गिक पदार्थांपासूनही ते बनवता येऊ लागले.

त्यांपैकी पॉलिसॅकराइडे, म्हणजे शर्करा-रेणूंच्या लांब साखळ्या, स्वस्त आणि मुबलक आहेत. कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून मिळणारे कायटोसान, तपकिरी समुद्रशैवालातील अल्जिनेट आणि तांबड्या शैवालातील कॅराजीनन ही त्यांची उदाहरणे होत. त्यांचे द्रावण बंद पात्रात सुमारे 150 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाला काही तास तापवले, की साखळ्या तुटतात आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. मूळ रेणूंतील हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, अमिनो किंवा सल्फेट गट काही प्रमाणात कणांच्या पृष्ठभागावर टिकून राहतात.

या कणांचा विषाणुरोधक गुण मुख्यतः या गटांवर अवलंबून असतो. हर्पिस सिम्प्लेक्स, सार्स-कोव्ह-2 यांसारखे विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या ऋणभारित पॉलिसॅकराइडला चिकटतात. सल्फेटयुक्त कण विषाणूच्या प्रथिनांवरील हेपरान सल्फेटला चिकटणारी धनभारित जागा व्यापतात. त्यामुळे विषाणूला पेशीवर पकड मिळत नाही आणि संसर्ग सुरुवातीलाच रोखला जातो.

मात्र हे संशोधन बहुतांशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपुरते आहे. प्रत्येक वेळी एकसारखे कण बनवणे, सुरक्षित मात्रा ठरवणे आणि कण शरीराबाहेर कसे पडतात हे तपासणे, या टप्प्यांनंतरच त्यांचा औषध म्हणून विचार करता येईल.