लेसर-चालित कणवेगवर्धन

अतितीव्र लेसर स्पंदांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन, प्रोटॉन इ. कणांना अत्यल्प अंतरात मोठी ऊर्जा देऊन त्यांच्या शलाका मिळविण्याचे तंत्र. परंपरागत वेगवर्धकात धातूच्या पोकळ्यांतील विद्युत् क्षेत्र कणांना पुढे ढकलते. हे क्षेत्र दर मीटरला सु. १० कोटी व्होल्टच्या आसपास गेले की पोकळीत ठिणग्या पडू लागतात. म्हणून उच्च ऊर्जेसाठी यंत्राची लांबी किलोमीटरांत मोजावी लागते. आयनद्रायूतील (मुक्त इलेक्ट्रॉन व आयन यांच्या मिश्रणातील) अणू आधीच भंगलेले असल्याने त्यास ही मर्यादा नाही. तेथे हजारपट तीव्र क्षेत्रही टिकू शकते.

या गुणाचा उपयोग १९७९ मध्ये तोशिकी ताजिमा व जॉन डॉसन यांनी सुचविला. लेसर प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र त्याच्या गमनदिशेला काटकोनात असून सतत उलटसुलट होते, त्यामुळे ते कणाला थेट पुढे रेटू शकत नाही. मात्र आयनद्रायूतून जाणारा स्पंद हलके इलेक्ट्रॉन बाजूला सारतो. जड आयन जागीच राहतात व इलेक्ट्रॉनांना परत ओढतात. परिणामी वेगवान होडीमागे लाट उठावी तसा विद्युत् तरंग स्पंदामागे जवळजवळ प्रकाशवेगाने धावतो. योग्य जागी सापडलेला इलेक्ट्रॉन त्यावर स्वार होऊन ऊर्जा मिळवितो.

यासाठी लागणारे अतिऱ्हस्व व प्रबळ स्पंद त्या काळी उपलब्ध नव्हते. मूळचे वाई (जि. सातारा) येथील चंद्रशेखर जोशी यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (लॉस अँजेल्स) दुसरा मार्ग चोखाळला. किंचित भिन्न तरंगलांबींच्या दोन लेसर शलाकांच्या विस्पंदांनी तरंग उठवून त्यांच्या गटाने १९९३ मध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सु. १ सेंमी. अंतरात २ वरून ९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली. दरम्यान १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी स्पंद आधी ताणून, मग विवर्धित करून, शेवटी आकसविण्याची पद्धत शोधली होती (नोबेल पारितोषिक, २०१८). तिच्यामुळे अडचण दूर झाली. २००६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे ३·३ सेंमी. लांबीत १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा गाठली गेली.

प्रोटॉनांसाठी धातूच्या पातळ पत्र्यावर स्पंद सोडतात. तप्त इलेक्ट्रॉन मागील बाजूने निसटतात व त्यांच्या ओढीने प्रोटॉन बाहेर पडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१३ मध्ये याहून वेगळी गोष्ट साधली. आर्गॉन अणूंच्या पुंजांवर लेसर सोडून वेगवान झालेल्या आयनांना पुन्हा इलेक्ट्रॉन मिळवून देण्यात आले व दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे उदासीन अणू मिळाले. विद्युत् वा चुंबकीय क्षेत्राने असे अणू मार्गच्युत होत नाहीत.

कर्करोगोपचारात मात्र हे तंत्र अद्याप रूढ झालेले नाही. शरीरात खोलवर असलेल्या गाठीसाठी सु. २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन लागतात. शिवाय ते जवळजवळ समान ऊर्जेचे असावे लागतात, अन्यथा मात्रा निरोगी ऊतकात सांडते. लेसरने मिळणाऱ्या प्रोटॉनांच्या ऊर्जा फार विखुरलेल्या असतात व प्रत्येक स्पंदागणिक बदलतात. खारघर (नवी मुंबई) येथे २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रोटॉन उपचार केंद्रातही परंपरागत वेगवर्धकच वापरला जातो.