मुकं साउंड कार्ड

गेल्या सेमिस्टरला मी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त आवाज नाही! गॅदरिंगच्या नाटकाचं म्युझिक त्यावरच करायचं होतं. शेवटी रूममेटच्या मशीनवर कसंबसं निभावलं.

कार्ड बिघडलेलं नव्हतं, त्याला ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि चिप यांच्यातला दुभाषी. कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की आवाज निघतो, हे कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतं. ती मिळाली नाही तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं.

मग कंपनीला पटवायचं कसं? शिव्या घालून नाही, तिचा फायदा दाखवून. 'ड्रायव्हर द्या' म्हटलं की तिला खर्च दिसतो. म्हणून 'माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही लिहितो' म्हणायचं. कर्नल डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००७ साली कंपन्यांना हेच सांगितलं. काम फुकट, वर हवा तर गुप्ततेचा करारही! शिवाय ड्रायव्हर एकदा कर्नलमध्ये गेला की पुढच्या बदलांबरोबर तिथलेच लोक तो सांभाळतात.

कंपन्या बदलतात बरं का. क्रिएटिव्हने २००८ मध्ये एक्स-फाय कार्डांच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड जीपीएलखाली खुला केला. २००९ च्या लिनक्स २.६.३१ मध्ये तो सामील झाला.

माझ्या कार्डाच्या कंपनीला मी मॉडेल नंबर देऊन पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. एकट्याचं पत्र केराच्या टोपलीत जातं. आता दुसरं लिहितोय, त्यावर आपल्या हॉस्टेलच्या सह्या हव्यात. आणि हो, पुढचं कार्ड घेताना आधी विचारा, 'लिनक्सवर चालतं का?' दुकानदाराने हा प्रश्न रोज ऐकला, तर तो कधीतरी कंपनीपर्यंत पोचेलच!