मॅन्डोलिन आणि उजव्या हाताची तालीम

मॅन्डोलिन नव्यानेच हाती घेतलेल्या माणसाचे सारे लक्ष डाव्या हाताकडे लागलेले असते. कोणते बोट कोणत्या पडद्यावर ठेवावे, याचा हिशेब करण्यात त्याचे मन इतके गुंतून जाते की, प्रत्यक्ष नाद ज्याच्यामुळे उत्पन्न होतो तो उजवा हात तालमीवाचूनच कामावर रुजू होतो.

या वाद्याला अशी हयगय खपत नाही. मॅन्डोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत विभागलेल्या असून त्या व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई या स्वरांत लावतात. जोडीतील दोन्ही तारांवर समान आघात झाला तरच भरदार झंकार उमटतो. नखी एकीलाच स्पर्शून निसटली, की आवाज कृश होतो. म्हणून प्रथम एकच जोडी सावकाश छेडून दोन्ही तारा बोलतात की नाही, हे कानांनी पारखावे. नखी किंचित वळवलेल्या तर्जनीच्या कडेवर ठेवून वरून अंगठ्याने, ती निसटणार नाही इतक्याच जोराने, धरावी. तिचे केवळ टोक तारांतून जावे, आणि हालचाल कोपरापेक्षा मनगटातून, ओल्या हाताचे पाणी झटकावे तशी, सैलपणे व्हावी.

आता जी कॉर्ड धरावी: जाड तारांच्या दोन जोड्या मोकळ्या, ए जोडी दुसऱ्या पडद्यावर आणि ई जोडी तिसऱ्या पडद्यावर दाबलेली. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून ठोक्यावर खाली व दोन ठोक्यांच्या मध्ये वर, असा आघात करीत राहावे. हे स्थिरावल्यावर मधलेच काही आघात गाळावेत; मात्र हात थांबवण्याची मुभा घेऊ नये. नखी तारांना न शिवता वरूनच जावी, पण हाताचे येणे-जाणे अखंड चालू राहावे. लय बिघडते ती बहुधा हात मध्येच थबकल्यामुळे, आणि नवशिक्या मात्र दोष बोटांना देत बसतो.

मॅन्डोलिनचा स्वर लवकर विरतो. तो टिकवण्यासाठी वादक नखी अतिशय जलद खाली-वर फिरवतो, आणि हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या परिचयाचा झालेला तो थरथरता नाद निर्माण होतो. संगीतकार सज्जाद हुसेन आणि लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे दोघेही मॅन्डोलिनवादक होते. त्यांच्यासारख्यांचे वादन ऐकून वेगाचा मोह होणे साहजिक आहे. परंतु संथ लयीत जो आघात सम उमटत नाही, तो द्रुत लयीत सुधारत नसतो. यास्तव नवशिक्याने रोजच्या रियाझाची पहिली दहा मिनिटे डाव्या हाताला रजा देऊन केवळ उजव्या हातासाठी राखून ठेवावीत.