हातांतील यंत्र आणि कागदावरील नकाशा

अलीकडे शेतकरीवर्गांत जी. पी. एस. यंत्राचा बराच प्रसार झाला आहे. विहिरीची जागा, बोडीचा कांठ, शेताचा कोपरा यांचे अक्षांश-रेखांश तें क्षणांत सांगतें. परंतु तोच आंकडा जुन्या नकाशावर लावला असतां खूण भलत्याच बांधींत पडते. मग एक म्हणतो यंत्र खोटें, दुसरा म्हणतो नकाशा खोटा, आणि धुऱ्याच्या जुन्या वादास नवें निमित्त मिळतें. महसूल खात्यांत आमचें आयुष्य नकाशे व उतारे यांतच गेलें. आमचें मत असें कीं, बहुधा दोन्ही खरीं असतात. मात्र दोहोंचें माप एकाच पायावरून घेतलेलें नसतें.

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासेस आरंभ केला. हेच गृहस्थ काम चालू असतां १८२३ सालीं आपल्या विदर्भांतील हिंगणघाट येथें निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं पृथ्वीच्या आकाराचें जें गणित बसविलें, त्यावर आपले जुने नकाशे रचलेले आहेत. यंत्र मात्र 'डब्ल्यू. जी. एस. ८४' या निराळ्या गणितावर चालतें. या दोन गणितांत पृथ्वीच्या त्रिज्येंतच आठशेंहून अधिक मीटरांचा फरक आहे, व पृथ्वीचा मध्यही दोहोंत एके ठिकाणीं धरलेला नाहीं. त्यामुळें तिरोड्याच्या बाजूस तोच आंकडा शंभर ते दोनशें मीटर सरकतो. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारें ६४ मीटर असते; यावरून खूण किती शेतें ओलांडून जाते, हें वाचकांनींच पाहावें.

यास्तव प्रथम नकाशाचा समास वाचावा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले 'ओपन सिरीज'चे नकाशे डब्ल्यू. जी. एस. ८४ वरच आहेत; त्यांसाठीं यंत्रांत तेंच ठेवावें. जुन्या नकाशासाठीं 'मॅप डेटम' या सदरांत 'इंडियन' नांवाचा पर्याय निवडावा. तेथें एकाहून अधिक असल्यास थायलंडकडील सोडून आपल्या देशाचा घ्यावा. आपला नकाशा शोधतांना हेंही ध्यानांत असूं द्यावें कीं, तिरोडा ५५ अंकाच्या नकाशांत येतो व गोंदिया ६४ अंकाच्या. कारण ८० अंश रेखांशाची रेषा दोहोंमधून जाते. १९९९ पूर्वींच्या नकाशावर जिल्हा भंडारा असेल.

दुसरी गोष्ट लेखनपद्धतीची. कागदावर अंश, कला, विकला असतात. यंत्र पुष्कळदां दशांशांत बोलतें. २१ अंश २४ कला यांऐवजीं कोणी २१.२४ अंश लिहील, तर तो सुमारें पावणेअठरा किलोमीटर दक्षिणेस जाईल. कारण ६० कलांचा अंश होत असल्यानें २४ कला म्हणजे ०.४० अंश. नकाशावर मीटरांचें यू. टी. एम. जाळें असल्यास तिरोड्यासाठीं ४४ वा पट्टा धरावा. अमरावती ४३ व्यांत पडते. जुन्या नकाशांवरील यार्डांचें जाळें याहून वेगळें. दोहोंची गल्लत करूं नये.

इतकें झाल्यावर परीक्षा घ्यावी. नकाशावर स्पष्ट दिसणारें व आजही जागेवर असलेलें रेल्वेचें फाटक किंवा तलावाच्या पाळीचें टोक गांठावें, यंत्र उघड्या आकाशाखालीं थोडा वेळ स्थिर ठेवावें, आणि आंकडा नकाशाशीं ताडून पाहावा. अशीं दोन-तीन ठिकाणें जुळलीं, तरच पुढें जावें. आंकडा लिहून ठेवतांना त्यापुढें पाया, पद्धति व तारीख अवश्य लिहावी; एरव्हीं तो आंकडा पुढील पिढीस निरुपयोगी होय.

शेवटीं एक कळकळीची सूचना. सर्व जुळलें तरी हातांतील साधें यंत्र मोकळ्या जागींही तीन ते पांच मीटर चुकूं शकतें, आणि आपला धुरा तर हात-दोन हात रुंद! शिवाय जुन्या गांवनकाशावर अक्षांश-रेखांश बहुधा नसतातच. म्हणून बोडी शोधण्यास, विहिरीची नोंद ठेवण्यास यंत्र जरूर वापरावें. परंतु त्याच्या भरंवशावर धुऱ्याचा एक दगडही हलवूं नये. हद्दीचा संशय असल्यास तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. मोजणीची फी एकदांच भरावी लागते. शेजाऱ्याशीं पडलेलें वैर मात्र नातवंडांपर्यंत फेडावें लागतें.