बुवा, नागपत्नी कोठे गेल्या?

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली, की आमच्या क्षेत्रात देवळादेवळांतून पाळण्यांना फुलांच्या माळा चढतात, घरोघरी सुंठवड्याची तयारी सुरू होते आणि आम्ही कीर्तनकार जन्माख्यानाची पोथी पुन्हा एकदा उघडून बसतो. यंदा पोथी उघडली न उघडली तोच आळीतील चार-पाच तरुण मुले दारी आली. नमस्कार करून म्हणाली, "बुवा, गोपाळकाल्याच्या दिवशी देवळात दाखवण्यासाठी आम्ही दहा मिनिटांचा लघुपट करीत आहोत. विषय कालियामर्दन. भागवतातील काय घ्यावे आणि काय सोडावे, ते आपण सांगा."

दहा मिनिटांत भागवत! नकार अगदी ओठांवर आला होता. परंतु मनाशी विचार केला, की उत्तररंगातील आख्यान म्हणजे तरी दुसरे काय असते? व्यासांचे श्लोक श्रीधरस्वामींनी हरिविजयात ओवीत आणले, मोरोपंतांनी कृष्णविजयात पुन्हा निराळे रूप दिले, आणि आम्ही बुवामंडळी तोच प्रसंग साकी-दिंडीत बसवून तासाभरात श्रोत्यांपुढे मांडतो. मूळ काव्याला नवे वस्त्र नेसवण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. चित्रपट हे त्यांतले अलीकडचे वस्त्र, इतकेच.

आणि ते वस्त्र प्रथम विणले, तेही एका शास्त्र्यांच्या मुलाने. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी, संस्कृत पंडित दाजीशास्त्री फाळके यांच्या घरी झाला. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्णांच्या मूर्ती उभ्या राहिल्या, आणि त्या ध्यासातून पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र', १९१७ साली 'लंकादहन', १९१८ साली 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ साली 'कालियामर्दन' हे मूकपट निर्माण झाले. पुराणकथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला त्या चित्रांत अपरिचित असे काहीच वाटले नाही.

त्यांपैकी 'कालियामर्दन' परवा नातवाने मला मोबाइलवर दाखवला. उपलब्ध प्रत संपूर्ण नाही. तथापि जे उरले आहे तेही डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. श्रीकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. आरंभी ही चिमुरडी केवळ मुद्रेने एकामागून एक भाव दाखवते आणि मग पाहता पाहता तिच्या ठिकाणी बालकृष्ण दिसू लागतो. मला येथे कीर्तनाची खूण पटली. आम्हीही पागोटे-उपरण्यासह उभे असतो. श्रोत्यांना बुवा दिसत असतो आणि तरीही क्षणभर त्यांना कृष्ण दिसतो. सोंग न लपवता भाव जागवणे, हीच खरी कला.

परंतु मूकपटाला एक मर्यादा होती. भागवताच्या दशमस्कंधातील सोळाव्या अध्यायात ६७ श्लोक आहेत. कदंबावरून डोहात उडी, नागाचा विळखा, तीरावर नंद-यशोदेचा आकांत, फणांवरील नृत्य, हे सारे व्यासांनी आटोपशीर वर्णिले आहे. अध्यायाचा गाभा आहे तो त्यानंतर येणारी नागपत्नींची स्तुती. ती तब्बल २१ श्लोकांची! त्या साध्वी आधी देवाचा न्याय मान्य करतात, या दंडालाच अनुग्रह म्हणतात आणि मगच पतीचे प्राण मागतात. भगवंत कालियाचा वध करीत नाहीत. त्याला समुद्राकडे जाण्याची आज्ञा देतात. फणेवर उमटलेली पावलेच पुढे गरुडापासून त्याचे रक्षण करतात. ही स्तुती वाणीची, आणि मूकपटाला वाणी नाही. तेथे नृत्य दिसते, जोडलेले हात दिसतात. त्या हातांमागील विचार मात्र प्रेक्षकाने घरून आणावा लागे. त्या काळी तो घरून येतही असे.

येथे मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वी एका गावी उत्सवात चालकांनी पाऊण तासात कीर्तन आटोपण्यास सांगितले. मी झुंज रंगवली, फणांवरचे नृत्य झांजांच्या गजरात उभे केले, टाळ्या घेतल्या आणि वेळ भरली म्हणून स्तुती गाळून थेट आरतीला आलो. बुक्का लावून घेताना एक वृद्ध माउली हळूच म्हणाली, "बुवा, नागाच्या बायका कुठं गेल्या?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी कृष्ण-कालियाची कुस्ती सांगितली होती. कालियावरील कृपा सांगायची राहूनच गेली होती.

म्हणून त्या मुलांना मी एवढेच सांगितले, "बाळांनो, दहा मिनिटे थोडी नव्हेत. चेंडू गाळा, गोपाळांचे खेळ गाळा, झुंजही अर्धी करा. आजचा पडदा मुका नाही. तेव्हा शेवटची चार मिनिटे नागपत्नींना द्या. संस्कृत श्लोक मी म्हणून देतो. अर्थ साध्या मराठीत, एखाद्या घरच्या बाईच्या स्वरात येऊ द्या."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. नागाचे फूत्कार आणि डोहाचा देखावा यांवरच त्यांचा सारा भर होता. अखेर त्यांतील एक म्हणाला, "माझी आजी म्हणेल तो अर्थ. तिला हे आख्यान पाठ आहे."

वाचकहो, काल्याच्या दिवशी देवळात पडदा लागेल. मी मागच्या रांगेत बसेन. चित्र कसे उतरले आहे, हे जाणकार सांगतील. मी मात्र त्या आजीबाईंचा स्वर ऐकण्यासाठी कान लावून असेन. इतक्या वर्षांनी त्या माउलीच्या प्रश्नाला उत्तर मिळायचे असेल, तर ते तेथेच मिळेल.